जिने चालू, दुकानं बंद

बे एरियातल्या कुठल्याही मराठी घरात पाहुण्यानं 'सॅन फ्रान्सिस्को बघायचंय' म्हटलं, की यजमानांची यादी तयार असते. गोल्डन गेट पूल, पिअर ३९ वर लोळत पडलेले सी-लायन, लोम्बार्ड स्ट्रीटची नागमोडी उतरण, तिकिटं मिळाली तर अल्काट्राझचा तुरुंग. यादीपाठोपाठ सूचना येतात. डाउनटाउनात रेंगाळू नका, पर्स पुढे धरा, गाडीत दिसेल असं काही ठेवू नका. २०२४ च्या जूनअखेरीस बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन सॅन होजेला भरलं होतं. त्या निमित्तानं आम्ही भाचीकडे उतरलो होतो. अधिवेशनात जेवणाच्या रांगेत उभं असताना ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांकडून हीच यादी आणि ह्याच सूचना ऐकायला मिळाल्या.

माझ्या मनात मात्र एक जास्तीचं ठिकाण होतं. बँकेच्या कर्ज विभागात हयात गेलेल्या माणसाला मोठी इमारत दिसली, की तिच्यावर बोजा किती हा प्रश्न आधी पडतो. आदल्या वर्षी, २०२३ च्या जूनमध्ये, एक बातमी वाचली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्यवस्तीतल्या सगळ्यांत मोठ्या मॉलच्या मालकांनी कर्जाचे हप्ते थांबवून मालमत्ता धनकोंच्या हवाली करायचं ठरवलं होतं. कर्ज होतं ५५ कोटी ८० लाख डॉलरचं. मालकही कुणी लेचेपेचे नव्हेत. 'वेस्टफील्ड' या नावानं अनेक देशांत मॉल चालवणारी युनिबेल-रोदाम्को-वेस्टफील्ड ही कंपनी आणि तिची भागीदार ब्रुकफील्ड. पैसे नव्हते म्हणून त्यांनी कर्ज बुडवलं, असं नाही. कागदावर आकडेमोड करून, परवडत नाही असं ठरवून सोडून दिलं. असलं खातं नोकरीत कधी हाताळलं नव्हतं. निदान जागा तरी डोळ्यांनी बघावी म्हटलं.

"मावशी, लोक मॉलमध्ये खरेदीला जातात. तू बंद पडत चाललेला मॉल बघायला जाणार?" भाचीनं विचारलं.

"तारणाची पाहणी म्हण हवं तर."

जावई लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाले, "सोमवारी तेवढं जाऊ नका, मावशी. सोमवारी तिथं चिटपाखरू नसतं."

मग मी सोमवारच धरला.

सॅन होजेच्या बेरियेसा स्टेशनातून बार्ट ही तिथली लोकल थेट सॅन फ्रान्सिस्कोच्या पोटात जाते. हे स्टेशन २०२० मध्ये सुरू झालं. त्याआधी सॅन होजेकरांना बार्ट पकडायला फ्रीमाँटच्या बाजूला जावं लागे. तासाभराहून थोडा जास्त प्रवास. फ्रीमाँट, हेवर्ड, ओकलंड अशी गाडी उत्तरेकडे जात राहते, वेस्ट ओकलंडला पुलावर चढते, डाव्या हाताला बंदरातल्या प्रचंड क्रेन दिसतात आणि पुढच्याच मिनिटाला ती खाडीच्या तळातून जाणाऱ्या बोगद्यात शिरते. कानांना दडे बसतात. पलीकडे पहिलं स्टेशन एम्बार्कडेरो, दुसरं मॉन्टगोमेरी, तिसरं पॉवेल. पहिली दोन ऑफिसवाल्यांची आणि तिसरं खरेदीचं, अशी इथली वाटणी वर्षानुवर्षांची. आमच्या डब्यातून पहिल्या दोन्ही स्टेशनांवर मिळून जेमतेम दहा-बारा माणसं उतरली. सोमवार, सकाळचे साडेनऊ. चर्चगेटला या वेळी काय चित्र असतं ते आठवून बघा.

पॉवेल स्टेशनातून रस्त्यावर न येता थेट मॉलच्या तळमजल्यात शिरता यायचं. पण आम्ही आधी वर आलो. मार्केट स्ट्रीट हा शहराचा तिरका कणा आहे, आणि पॉवेल स्ट्रीट त्याला मिळतो तिथं केबल कारचं शेवटचं स्थानक. गाडी लाकडी चकतीवर येऊन थांबते आणि वाहक-चालक खाली उतरून ती चक्क हातानं ढकलून उलटी फिरवतात. तिथं रांग होती, एका फेरीचे आठ डॉलर मोजून. म्हणजे पर्यटक आहेत. सगळं ओस पडलंय ही ऐकीव गोष्ट पहिल्याच चौकात खोटी ठरली. बेघर माणसंही होती, नाही असं नाही. पाचव्या रस्त्याच्या कडेला एक जण कमरेत पूर्ण वाकून, हात जमिनीला टेकतील असा, उभ्या-उभ्या गुंगीत होता. फेंटानिलच्या नशेत माणूस असा वाकतो हे नंतर कळलं. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. आम्हीही रस्ता ओलांडला.

समोर मॉल. आणि इथं थांबून त्याच्या तोंडाकडे नीट बघायला हवं, कारण ते तोंड मॉलचं नाहीच.

मार्केट स्ट्रीटवर दगडी खांबांची जी भारदस्त दर्शनी भिंत दिसते ती 'एम्पोरियम' या जुन्या दुकानाची. १८९६ साली इथं एम्पोरियम सुरू झालं. आल्बर्ट पिसिस या वास्तुकारानं त्याची इमारत केली. १९०६ च्या भूकंपानं आणि त्यामागोमाग लागलेल्या आगीनं मागची सगळी इमारत खाल्ली, ही भिंत तेवढी उभी राहिली. तिच्याच मागे नवी इमारत बांधून १९०८ मध्ये दुकान पुन्हा उघडलं, या वेळी मधोमध १०२ फूट व्यासाचा काचेचा घुमट घालून. पुढची कितीतरी दशकं नाताळात शहरातल्या आई-बापांनी मुलांचे हात धरून इथं आणलं, कारण गच्चीवर जत्रा भरायची आणि त्यात आकाशपाळणे असायचे. १९९६ मध्ये एम्पोरियम बंद पडलं. म्हणजे डाउनटाउनातला मोठा बाजार उठण्याची या जागेला ही पहिली वेळ नव्हे. आज गावभर जी हळहळ चालली आहे ती एकदा होऊन गेलेली आहे, आणि तेव्हा दोष उपनगरांतल्या मॉलना दिला गेला होता.

मॉलचा दुसरा तुकडा पाचव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. तो १९८८ मध्ये सुरू झाला, सॅन फ्रान्सिस्को शॉपिंग सेंटर या नावानं. उपनगरातला मॉल आडवा पसरतो, कारण तिथं जमीन पडलेली असते. इथं जमीन सोन्याच्या भावाची, म्हणून हा उभा रचला. वरचे पाच मजले नॉर्डस्ट्रॉम या मोठ्या वस्त्रभांडाराचे आणि खाली छोटी-मोठी दुकानं. ही रचना लक्षात ठेवा, मॉलचं पुढचं नशीब तिच्यात आहे. २००६ मध्ये वेस्टफील्ड आणि फॉरेस्ट सिटी यांनी ४६ कोटी डॉलर खर्चून एम्पोरियमची बंद पडलेली इमारत या मॉलला जोडली. तो जुना घुमट जॅक लावून सुमारे साठ फूट वर उचलला, खाली नवे मजले घातले, आणि ब्लूमिंगडेल्सला आणून बसवलं. न्यूयॉर्कमधल्या मूळ दुकानानंतरचं त्यांचं सगळ्यांत मोठं दुकान हेच होतं. दोन्ही मिळून मॉल झाला सुमारे १५ लाख चौरस फुटांचा.

आत शिरल्याबरोबर पहिली जाणीव झाली ती थंड, स्वच्छ, उजळ शांततेची. कुठं धूळ नाही, जळमटं नाहीत, विझलेले दिवे नाहीत. मॉल मरतो म्हणजे पडका वाडा होतो अशी माझी जी काही कल्पना होती तिला इथं काहीच आधार मिळाला नाही. फरशी लखलखत होती. स्वच्छतागृहंही चकाचक. या शहरात पर्यटकाला ही केवढी मोठी सोय आहे ते वयाची साठी ओलांडलेल्यांना सांगायला नको. फक्त दुकानं नव्हती. ज्या काचांमागे दुकानं असायची त्यांवर शहराची भलीमोठी छायाचित्रं चिकटवलेली. आम्ही गोल्डन गेटच्या बाजूनं चाललो, मग धुक्याच्या बाजूनं, मग पुन्हा गोल्डन गेटच्या बाजूनं. मध्येच एखादं चालू दुकान लागे. त्यातली मुलगी दारात येऊन उभी राही, आपण आत येणार नाही हे ओळखून हसे आणि आत जाई.

मग ते जिने. वाचकांपैकी कुणी तिथं जाऊन आलं असेल तर आणखी काही आठवो न आठवो, जिने आठवत असतील. १९८८ च्या भागात मधल्या लंबवर्तुळाकार चौकातून सरकते जिने सरळ वर न जाता वळण घेत वर जातात. जपानच्या मित्सुबिशी कंपनीची ही करामत. अमेरिकेत असे जिने पहिल्यांदा इथंच बसले. मी मुद्दाम वाकून पायरी बघितली. आपल्या नेहमीच्या सरकत्या जिन्याची पायरी चौकोनी असते. ही आतल्या बाजूला अरुंद, बाहेरच्या बाजूला रुंद. वळणावर एका कडेला कमी अंतर कापायचं आणि दुसऱ्या कडेला जास्त, तरी दोन पायऱ्यांमध्ये फट पडू द्यायची नाही. हाताचा कठडाही त्याच वळणानं, त्याच वेगानं. उभं राहिलं की आपण चढत असतो आणि मॉल आपल्याभोवती हळूहळू फिरत असतो. एकेक मजला, एकेक दुकान समोरून सरकतं. पस्तीस वर्षं लोकांना नॉर्डस्ट्रॉमपर्यंत पोचवायचं काम या जिन्यांनी केलं आणि पोचवता-पोचवता खालच्या प्रत्येक दुकानाची काच दाखवली. बांधणाऱ्यानं गिऱ्हाइकाच्या मानेचासुद्धा विचार केला होता!

आम्ही चढलो तेव्हा त्या वळणावर आमच्याखेरीज एक जोडपं होतं, तेही फोनवर जिन्याचं चित्रीकरण करणारं. वर पोचलो तर नॉर्डस्ट्रॉमची दारं बंद. २७ ऑगस्ट २०२३ ला ते गेलं होतं. त्याआधी जूनमध्ये वरचं नऊ पडद्यांचं चित्रपटगृह गेलं. पाच मजले बंद, चित्रपटगृह बंद. म्हणजे वर जाण्याचं कारणच उरलं नाही. आणि वर कुणी जात नसेल तर खालच्या दुकानांनी भाडं कशाचं द्यायचं?

आमच्या बँकेच्या भाषेत सांगते. मॉलमधलं मोठं दुकान हे भाडं देणारं गिऱ्हाईक नसतंच, ते गर्दी आणणारं गिऱ्हाईक असतं. त्याला जागा सवलतीत देतात आणि खरं उत्पन्न त्याच्या वाटेवर बसलेल्या छोट्या दुकानांकडून काढतात. छोटे दुकानदारही दुधखुळे नसतात. अनेकांच्या भाडेकरारात कलम असतं, मोठं दुकान गेलं तर आमचं भाडं कमी होईल किंवा आम्हाला मुदतीआधी सुटता येईल. त्यामुळे एक खांब गेला की गळती एकेक करून लागत नाही, ओळीनं लागते. नॉर्डस्ट्रॉमनंतर निम्म्याच्या आसपास जागाच भाड्यानं गेलेली राहील हे मालकांनी आधीच सांगून टाकलं होतं.

जुन्या बाजूच्या घुमटाखाली एक बाक सापडला. तिथं बसून वर बघितलं. दुधी काचेतून येणारा उजेड, नक्षीच्या कमानी, आणि खाली ब्लूमिंगडेल्सच्या तपकिरी पिशव्या घेऊन चाललेल्या तीन जपानी बायका. घुमटाखालचा एक सुरक्षारक्षक बराच वेळ आमच्याकडे बघत होता. शेवटी जवळ आला आणि हिंदीत विचारलं, इंडिया से? तो फिजीचा. बे एरियात फिजीहून आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे आणि त्यांची हिंदी कानाला भोजपुरीसारखी लागते. धंदा कसा काय, असं मी विचारलं तर म्हणाला, "अब खाली टूरिस्ट लोग आवे, फोटो खींचे, चला जाय." पूर्वी दुपारी बारा ते दोन या बाकावर बसायला जागा मिळत नसे, असंही त्यानं सांगितलं. बारा ते दोन! नाताळ म्हणाला नाही, शनिवार-रविवार म्हणाला नाही.

तळमजल्यावर खाण्याच्या ठेल्यांचा मोठा विभाग होता. तिथं बारा वाजता गेलो. निम्म्याहून जास्त ठेल्यांची शटर ओढलेली. पांडा एक्सप्रेस चालू होतं, आणखी दोन-चार. खुर्च्या मात्र सगळ्या जागच्या जागी मांडलेल्या, मंगल कार्यालयात शेवटची पंगत उठून गेल्यावर असतात तशा. आम्ही भात आणि भाज्या घेतल्या, घरून आणलेलं लिंबाचं लोणचं काढलं. भाची बरोबर नव्हती म्हणून बरं.

रात्री जावयांना 'बारा ते दोन'चं सांगितलं. त्यांचं ऑफिस मॉन्टगोमेरीजवळ. २०२० आधी रोज जायचे, आता आठवड्यातून दोनदा, मंगळवार आणि गुरुवार. ते म्हणाले, "खरं सांगू का मावशी, त्या मॉलमध्ये मी ठरवून खरेदीला कधी गेलोच नाही. जेवायला जायचो. येता येता मोजे घ्यायचे, चार्जर घ्यायचा. वाढदिवस विसरलेला असला की हिच्यासाठी काहीतरी."

माझ्या मते या मॉलची सगळी गोष्ट एवढ्यात आली. ज्या माणसांवर तो चालत होता ती खरेदीला आलेलीच नव्हती. ती नोकरीला आली होती, मॉस्कोनी सेंटरमधल्या परिषदांना आली होती, गाडी बदलायला आली होती. त्यांच्या पायांवर बाजार उभा होता. दादर स्टेशनाबाहेर दुकान टाकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. मालकांनी दिलेले आकडे असे, की २०१९ मध्ये मॉलला ९७ लाख भेटी झाल्या, २०२२ मध्ये ५६ लाख. विक्री ४५ कोटी ५० लाख डॉलरवरून २९ कोटी ८० लाखांवर. त्याच काळात शहरातली ऑफिसं रिकामी होत गेली. २०२४ च्या मध्याला एकूण ऑफिस-जागेच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जागा भाडेकरूंविना होती. अमेरिकेच्या मोठ्या शहरांत हे प्रमाण कुठंच इतकं चढलं नव्हतं. कारण उघड आहे. या शहराच्या ऑफिसांत बसणारे लोक संगणकाचं काम करणारे, आणि ते काम घरून करणं सगळ्यांत सोपं.

पण मॉलचे मालक आणि शहरातली बरीच मंडळी हे पहिलं कारण म्हणून सांगत नाहीत. ते चोऱ्या आणि नशेबाजी सांगतात. नॉर्डस्ट्रॉमनं जायचं जाहीर केलं तेव्हा वेस्टफील्डनं रस्त्यावरच्या असुरक्षिततेकडे आणि कायद्याची अंमलबजावणी होत नसल्याकडे बोट दाखवलं होतं. त्यात तथ्य नाही असं नाही, पाचव्या रस्त्यावर मीही कड बदलून चालले. तरीसुद्धा कर्जदार जेव्हा सगळा दोष बाहेरच्या परिस्थितीवर ढकलतो तेव्हा आम्ही त्याचे मागचे ताळेबंद काढायचो. इथं मागचा ताळेबंद शेजारीच उभा आहे. एक चौक सोडून मार्केट स्ट्रीटवरच एक काचेची नवीकोरी बाजार-इमारत २०१६ मध्ये तयार झाली आणि भाडेकरू न मिळाल्यानं वर्षानुवर्षं रिकामी राहिली. तेव्हा कोव्हिड नव्हता, घरून काम नव्हतं. पुढे २०२० मध्ये आयकियाच्या समूहातल्या कंपनीनं ती विकत घेतली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिथं आयकियाचं दुकान उघडलं. त्याच ऑगस्टच्या अखेरीस नॉर्डस्ट्रॉम गेलं. आम्ही तिथंही चक्कर मारली. मध्यम गर्दी होती. लोक उशा, दिवे, कुंड्या घेत होते. ज्यांना शहरातच राहायचं आहे अशा लोकांच्या वस्तू. हेही विचार करण्यासारखं आहे.

खरा पुरावा मात्र सॅन होजेत मिळतो. भाचीच्या घरापासून जवळ व्हॅली फेअर नावाचा मॉल आहे, सॅन होजे आणि सांता क्लारा या दोन शहरांच्या हद्दीवर. मालक तेच, वेस्टफील्ड. तिथं ११० कोटी डॉलर खर्चून वाढवलेला भाग नेमका २०२० मध्ये उघडला, आणि तरी मॉल तुडुंब. शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला आम्ही तीन मजले फिरलो. इडली-डोसा खाल्लेली कुटुंबं तिथं पाय मोकळे करायला येतात, आजी-आजोबा बाकांवर बसून नातवंडांच्या बाबागाड्या सांभाळतात. मराठी ऐकू येतं, तेलुगू तर जागोजाग. ऑनलाइन खरेदीनं मॉल मारले म्हणणाऱ्यांनी या शनिवारचं काय करायचं? ऑनलाइन मागवण्यात या लोकांचा हात कोण धरणार! घरून काम करणारा इंजिनियर आता दिवसभर इथंच असतो, म्हणून त्याचे पैसेही इथंच खर्च होतात. मार्केट स्ट्रीटची दुपार सांता क्लारात शनिवार म्हणून उगवली आहे.

आता कर्जाकडे येते, कारण पाहणीला गेले होते ती त्यासाठी. आपल्याकडे कर्ज थकलं की तारण विकून भागलं नाही तर कर्जदाराच्या आणि हमीदाराच्या मागे लागता येतं. अमेरिकेत व्यापारी इमारतींवरची पुष्कळ मोठी कर्जं अशी असतात, की धनकोचा हक्क त्या इमारतीपुरताच. फसवणूक वगैरे नसेल तर मालकाच्या इतर मिळकतीला हात लावता येत नाही. त्यामुळे इमारतीची किंमत कर्जाखाली गेली की शहाणा मालक किल्ल्या परत करतो आणि आपल्या चालत्या मॉलकडे लक्ष देतो. नाक कापलं जात नाही, बाजारात पत जात नाही. २०१६ मध्ये हा मॉल १२० कोटी डॉलरचा धरला होता. २०२३ मध्ये पुन्हा मूल्यांकन झालं तेव्हा २९ कोटी. कोर्टानं रिसीव्हर नेमला. वेस्टफील्डचं नाव उतरलं. काही महिने 'एम्पोरियम सेंटर' असं जुन्याचं बोट धरलेलं नाव लागलं, मग नुसतं सॅन फ्रान्सिस्को सेंटर. तत्कालीन महापौर लंडन ब्रीड यांनी तर इथं फुटबॉलचं मैदानही होऊ शकेल असं बोलून दाखवलं होतं. घुमटाचं काय करणार होत्या कोण जाणे.

किल्ल्या परत करण्याची ही सोय चांगली की वाईट? धनकोच्या बाजूनं बघितलं तर वाईटच. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. तिथं इमारत कोर्टकज्ज्यात कुजत पडत नाही. रिसीव्हर दिवे चालू ठेवतो, फरशी पुसून घेतो, जिने फिरते ठेवतो. आपल्याकडचे थकलेले मॉल बघा. भारतातला सुरुवातीचा गाजलेला मॉल म्हणजे मुंबईचं क्रॉसरोड्स, हाजी अलीजवळ १९९९ मध्ये उघडलेलं. गर्दी इतकी, की सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा नाहीतर प्रवेश फी भरा असा नियम काढावा लागला होता. त्याचंच पुढे सोबो सेंट्रल झालं आणि दुकानं एकामागून एक निघून गेली. नाइट फ्रँक या मालमत्ता-सल्लागार कंपनीच्या २०२४ च्या अहवालात आपल्या देशातल्या आठ मोठ्या शहरांत ६४ शॉपिंग सेंटरं 'भूत मॉल' म्हणून मोजली आहेत, म्हणजे ज्यांची चाळीस टक्क्यांहून अधिक जागा रिकामी आहे. आपल्याकडे मॉल ओस पडण्याची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात. गाळे सुटे-सुटे विकून टाकलेले, शंभर मालक, एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत मालक दोनच होते, आणि ते हिशेबी निघाले.

आम्ही परत आलो त्यानंतरची हकीकत थोडक्यात. २०२५ मध्ये ब्लूमिंगडेल्सही गेलं. त्यामागोमाग उरलीसुरली दुकानं पांगली आणि मॉल जवळपास रिकामा झाला. लिलाव पुन्हा पुन्हा पुढे ढकलला गेला. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला तेव्हा मॉल घेतला तो कर्ज देणाऱ्यांनीच, सुमारे १३ कोटी ३० लाख डॉलरची बोली लावून. मुदलाच्या पाव हिश्शालाही ती पोचत नाही.

कुणी त्या बाजूला जाणार असाल तर आत शिरायला मिळेल अशा भरवशावर जाऊ नका. पॉवेल स्टेशनातून वर या, केबल कारच्या रांगेकडे पाठ करा आणि मार्केट स्ट्रीटच्या पलीकडच्या कडेला उभं राहून एम्पोरियमची ती भूकंपातून वाचलेली भिंत बघा. तिला तिकीट नाही. जायचं मंगळवारी किंवा गुरुवारी, रस्त्यावर माणसं असतात. आणि सॅन होजेहून निघताना कितीही उकडत असलं तरी स्वेटर घ्या, जुलै असला तरी.